दारावर कोरलेले ‘गरीब’

गेल्या रविवारी भेस्तानला एका धार्मिक ट्रस्टच्या कार्यालयात जावे लागले... कारण एका बाईने स्वतःच्या घराच्या दाराला तोरण बांधले होते. हे वाक्य लिहितानाही संताप येतो.

उषाबाई माझ्या पत्नीच्या भजनी मंडळातल्या. यजमान पांडेसऱ्याला कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमध्ये कामाला. लिंबायतच्या भाड्याच्या एका खोलीत आयुष्य काढल्यावर या ट्रस्टने मिल कामगारांसाठी बांधलेल्या वसाहतीत त्यांना घर मिळाले. घर चांगले आहे, हवेशीर आहे... ते मी आधीच मान्य करतो.

मात्र प्रत्येक दाराच्या चौकटीवर संगमरवरी पाटी बसवलेली आहे. वर दात्याचे नाव आणि खाली इथल्या भाषेत, गुजरातीत कोरलेले : ‘गरीब कुटुंबाला सप्रेम भेट’.

मुलीला पाहायला शहाद्याहून पाहुणे येणार होते. उषाबाईंनी झेंडूचे भरगच्च तोरण असे बांधले की पाटी झाकली जावी. सोयरीक जमली, साखरपुडा याच घरात करायचे ठरले... आणि मागोमाग नोटीस आली. वसाहतीवर देखरेख करणाऱ्या माणसाने फोटो काढून ट्रस्टला दिला होता. दात्याचा अवमान झाला आहे, घर परत का घेऊ नये?

“सर, आम्ही गरीब आहोत हे आम्हाला काय माहीत नाही? रोज दारात वाचायचं कशाला?” त्या एवढेच म्हणाल्या. मी त्यांच्यासोबत गेलो.

ट्रस्टच्या प्रमुखांनी आदराने बसवले, चहा मागवला. नाव लावले नाही तर देणगी येत नाही, असे समजावले. यात तथ्य आहे आणि नावाला माझा आक्षेपही नव्हता. ते फाटकावर खुशाल कोरावे. आक्षेप दुसऱ्या ओळीला होता... आणि नोटिशीला.

मी विचारले, घर दिले आहे की नाही? दिले असेल तर दार उषाबाईंचे. तोरणाला परवानगी कोणाची? दिले नसेल तर ‘भेट’ हा शब्द खोटा, आणि तो तुम्ही दगडात कोरला आहे. यज्ञात आहुती टाकताना आपण ‘न मम’ म्हणतो, हे माझे नव्हे म्हणतो... ते या दारापाशीच का अडते?

ते हसले. “चालो साहेब, तमारा मान खातर आ बेननी तकती काढी नाखीए.”

माझ्या मानाखातर, फक्त उषाबाईंची पाटी! प्रश्न हक्काचा होता, उत्तर मेहेरबानीचे मिळाले. मी काही बोलणार तोच उषाबाई शांतपणे म्हणाल्या, “नको, शेठ. माझी एकटीची काढली तर शेजारणी म्हणतील, उषा रातोरात श्रीमंत झाली. काढायची तर सगळ्यांची काढा.”

घर जाण्याची भीती डोक्यावर असताना त्या हे बोलत होत्या. ‘विचार करू’ एवढ्यावर आमची बोळवण झाली. नोटीस कायम.

आज सकाळी त्यांनी फोटो पाठवला. ओळीतल्या प्रत्येक दाराला तोरण... कुठे झेंडू, कुठे आंब्याची पाने, कुठे जुन्या साडीचा काठ. आज कोणताही सण नाही. एकही पाटी दिसत नाही.

घरे बांधल्याबद्दल मी ट्रस्टचा कृतज्ञ आहे, हे पुन्हा लिहितो. पण छप्पर देऊन माणसाला त्याखाली मान घालून राहायला लावणे, याला आपल्या धर्मात दान म्हणत नाहीत. आता नोटीस काढायचीच तर प्रत्येक दाराला काढावी... उत्तर लिहून द्यायला मी आहे.