मंगळाच्या कादंबरीचा शेवटचा फर्मा

मंगळावर गेलेल्या एका माणसाला मी तीन आठवडे माझ्या पत्र्याच्या पेटीत कोंडून ठेवले होते. हे कृत्य मी शुद्धीवर असताना, हिंगोलीच्या सरकारी शाळेत नीतिपाठ शिकवीत असताना केले. आज पन्नाशी उलटल्यावर ते कबूल करण्यावाचून मला गत्यंतर दिसत नाही. कारण ज्यांच्यापासून लपवायचे त्या सर्वांना ते तेव्हाच कळले होते!

ते लढाईचे दिवस होते. पुण्याहून टपालाने एखादी नवी कादंबरी आली की आमच्या गल्लीत तिचे शुभागमन मोठ्या निर्दयपणे होत असे. पुस्तक एक आणि वाचणारे पाच. म्हणून मी प्रथम पुस्तकाची शिवण उसवीत असे. सोळा-सोळा पानांच्या जुड्या सुट्या होत. त्यांना आम्ही फर्मे म्हणत असू. पहिला फर्मा मी वाचून पुढच्या घरी द्यायचा, त्याने तो त्याच्या पुढच्या घरी, आणि आठवडी बाजाराच्या दिवशी संध्याकाळी सर्वांनी माझ्या ओट्यावर जमून आपापले मत सांगायचे. ‘आपापले’ हा शब्द मी सौजन्याने वापरतो. मत माझे असे. इतरांनी ते ऐकावयाचे असे.

त्या खेपेची कादंबरी शास्त्रीय होती. एक विद्वान गृहस्थ पाऱ्याच्या वाफेवर चालणारे विमान बांधतो आणि मंगळावर जातो; त्याची पत्नी रोज तिन्हीसांजेला गच्चीवर दिवा ठेवते, वरून तो त्याला दिसावा म्हणून. (एवढ्या अंतरावरून दिवा दिसणे अशक्य आहे, हे मी पहिल्याच बैठकीत सिद्ध केले होते. आमच्या कुटुंबाने माजघरातून ते ऐकले आणि दोन दिवस मला आमटी आळणी मिळाली.) वेष्टनात पुस्तकाचे मुखपृष्ठ फाटून आले होते, त्यामुळे त्याला सर्वजण ‘मंगळाचं पुस्तक’च म्हणत.

सर्व सुरळीत चालले होते. पण वाचकांत महबूबमियाँ होते.

महबूबमियाँ आमच्या समोरचे शिंपी. त्यांना लहानपणापासून नाद तिलिस्मी किस्स्यांचा. जादूचे किल्ले, उडते गालिचे, बोलके पोपट यांतच ते वाढले होते. मराठी ते सावकाश वाचीत, पण सांगू लागले की यंत्र थांबवून सांगत. माझ्याकडे बैठक झाली की लोक घरी जाण्याऐवजी रस्ता ओलांडून त्यांच्या दुकानासमोर उभे राहू लागले. एकदा मीही खांबाआड उभा राहून ऐकले.

“तर विमान उतरलं मंगळावर,” महबूबमियाँ सांगत होते, “अन् समोर काय? सात दरवाजे! हरेक दरवाज्यावर एक देव!”

“देव म्हंजे? आपला मारुती?” कनेरगावाकडच्या तांड्यावरून बाजाराला येणारे थावरू नाईक विचारते झाले. त्यांच्या आजोबा-पणजोबांनी बैलांच्या पाठीवर धान्य लादून अर्धा मुलूख पालथा घातला होता. त्यामुळे प्रवास कुठलाही असो, नाईकांना त्यात अधिकारवाणीने बोलण्याचा हक्क वाटे.

“तो देव न्हाई, नाईक. हा देव म्हंजे राक्षस. ह्ये येवढं डोस्कं!”

“बरं. आन तिथं चारा-पानी हाय का?”

“चारा लाल, पानी हिरवं.”

“मग बैल न्हाई टिकायचे,” नाईकांनी निर्णय दिला, आणि जमलेल्या वीस माणसांनी खेदाने माना हलवल्या.

मला राहवले नाही. मी खांबाआडून पुढे आलो. “महबूबमियाँ, हे पुस्तकात नाही. पुस्तकात दरवाजेही नाहीत आणि राक्षसही नाही. तेथील हवेच्या दाबाचे कोष्टक आहे.”

“व्हय मास्तर, कोष्टक हाय. मी वाचलं बराबर,” ते अत्यंत अदबीने म्हणाले. “पन कोष्टकानं लेकरं रडून राहिली होती.”

सर्वजण हसले. हसणाऱ्यांत पलीकडच्या ओट्यावर बायकांमध्ये बसलेले आमचे कुटुंबही होते. लग्नाला वीस वर्षे झाली होती; माझ्या कोणत्याही मतावर ती अशी पोट धरून हसल्याचे मला स्मरत नव्हते.

घरी आल्यावर मी सहज विचारल्यासारखे विचारले, “काय एवढे हसण्यासारखे होते?”

“अहो, ते सांगतात तेव्हा मला मंगळ दिसतो,” ती भाकरी थापता थापता म्हणाली. “तुमी सांगता तेव्हा फळा दिसतो.”

मी स्वतःशी म्हणालो की हा मत्सर नव्हे, ही शास्त्राच्या शुद्धतेविषयीची तळमळ आहे. (माणसाने स्वतःशी बोलताना इतकी शुद्ध भाषा वापरली की समजावे, काहीतरी अशुद्ध शिजते आहे.)

शेवटचा फर्मा तेवढा अजून माझ्याकडेच होता. विद्वान परत येतो की नाही, हे त्या सोळा पानांत होते. मी ती वाचली, तपकिरी कागदात गुंडाळली, आणि कोणी चुकूनही उघडू नये म्हणून कणकेची लई लावून चारी बाजूंनी चिकटवली. वर दोन दिवस पाटा ठेवून दाबली. मग ती चपटी, फळीसारखी कडक झालेली पुडी माझ्या शेरवानीच्या आतल्या खिशात सारली. ती शेरवानी वर्षातून एकदा, शाळेच्या तपासणीलाच अंगावर चढे; एरवी पेटीत असे. आणि गल्लीत मी जाहीर केले की शेवटचा फर्मा पुण्याहून आलाच नाही, छापणारे घालायचाच विसरले!

एवढ्यावर थांबलो असतो तरी पाप आटोक्यात राहिले असते. पण लोकांना खरे वाटावे म्हणून मी त्या निरपराध छापणाऱ्यांना एक खरमरीत पत्र लिहिले आणि ते टपालात टाकण्यापूर्वी ओट्यावर मोठ्याने वाचून दाखवले. नाईक म्हणाले, “शाबास! असा माणूस पायजे.” मला बरे वाटले. त्याची आज सर्वांत अधिक लाज वाटते.

कुटुंब मात्र रोज विचारी, “आला का हो तो परत?”

“कोण?”

“मंगळावरचा. ती बिचारी गच्चीवर दिवा लावून बसून राहिली आहे.”

“टपाल येईल तेव्हा कळेल.”

तिसऱ्या आठवड्यात ती स्वतः टपालवाल्याला दारात गाठून विचारताना मला दिसली. पेटी उघडण्यासाठी मी किल्ली हातात घेतली. तेवढ्यात ती टपालवाल्याला म्हणाली, “जाऊ द्या. महबूबभाई येत्या बाजाराला सोताच शेवट सांगणार आहेत.” मी किल्ली परत जानव्याला बांधली.

माझा बेत तयार झाला. बाजाराच्या दिवशी महबूबमियाँ आपला कपोलकल्पित शेवट सांगू लागले की ऐन रंगात मी पुढे व्हायचे, ‘आजच्या टपालाने आला!’ असे म्हणून फर्मा काढायचा, आणि छापील सत्याने त्या सात दरवाज्यांचा चुराडा करायचा. योगायोग असा की शाळेची तपासणीही त्याच दिवशी ठरली. म्हणजे शेरवानी अंगावर असणारच! नियतीही शास्त्राच्या बाजूला आहे, अशी माझी खात्री झाली.

तपासणीच्या सकाळी मी आंघोळ करून येतो तो कुटुंबाने शेरवानी इस्त्री करून खुंटीला टांगलेली. दोन दिवसांपूर्वी किल्ली तिने मागून घेतली होती, पण ती कुरुंद्याहून माहेरची हळद आली होती ती ठेवण्यासाठी, असा माझा समज होता. घाई होती. मी शेरवानी चढवली, गळ्याची आकडी लावली आणि एकदम ताठ झालो. मान डावीकडे वळेना, उजवीकडे वळेना. खाली पाहणे तर अशक्यच!

“गळा आवळला आहे थोडा,” मी छताकडे पाहत म्हणालो.

“तुमचं वजन वाढलं आहे,” कुटुंब म्हणाले.

तपासणीला आलेले साहेब मुलांची वही दाखवीत, तेव्हा मी कमरेतून वाकून पाहत होतो. ते जाताना म्हणाले, “या शाळेत अदब फार आहे.” मी लवून नमस्कार केला. आणखी कसा करणार?

संध्याकाळी मी तसाच महबूबमियाँच्या दुकानावर गेलो. बाजार उठला होता, पण रस्त्यावर पाऊल ठेवायला जागा नव्हती. नाईक तर पुढेच घोंगडी टाकून बसले होते. समोरच्या ओट्यावर बायका. महबूबमियाँ विद्वानाला सातव्या दरवाज्यापर्यंत घेऊन आले होते आणि गर्दी श्वास रोखून होती. हाच तो क्षण!

“थांबा!” मी हात वर केला. “कल्पनेची आता आवश्यकता नाही. शेवटचा फर्मा आजच्याच टपालाने आला आहे!”

काय तो कल्लोळ झाला! कुटुंब ओट्यावर उठून उभे राहिले. तिच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला तो माझ्यामुळे होता, महबूबमियाँमुळे नव्हता. तीन आठवड्यांत प्रथमच मला गोड वाटले. मी धीरगंभीरपणे आतल्या खिशात हात घातला.

खिशात खडूचा तुकडा होता.

दुसऱ्या खिशात कुंकवाची पुडी होती. पुन्हा पहिला खिसा. पुन्हा खडू.

“काय हुडकून राहिले मास्तर?” महबूबमियाँनी आपुलकीने विचारले.

“पुडी... तपकिरी कागदाची...”

“लई लावलेली? दाबून कडक केलेली?”

“होय, होय! तीच! आपल्याला सापडली?”

“सापडायचं काय त्यात?” त्यांचा चेहरा उजळला. “ती तर तुमच्या कॉलरीत हाय ना!”

खुलासा असा. लढाईमुळे कॉलरीत घालायचे बकरम मिळेनासे झाले होते. तेव्हा आमच्याकडे रीत पडली की कॉलर शिवायला देताना गिऱ्हाइकानेच कागदाचे थर लईने चिकटवून, दाबून, कडक करून आणून द्यायचे. शेरवानीची कॉलर कसरीने खाल्लेली पाहून कुटुंबाने ती परवा, मी शाळेत असताना, समोर नेऊन दिली होती. आणि खिशात महबूबमियाँना अगदी रीतीबरहुकूम तयार केलेला माल मिळाला होता!

“मी तर परवाच भाबींना बोललो बी,” ते गर्दीला सांगू लागले, “मास्तरांचं काम म्हंजे अव्वल! बाकीचे चार थर देतात, यांनी नऊ दिले!”

हसे पिकले. मीही हसण्याचा प्रयत्न केला. सर्व काही अजून सावरता आले असते. पण थावरू नाईक हसत नव्हते. ते बोटांवर काहीतरी मोजीत होते.

“मास्तर,” ते म्हणाले, “कॉलर शिवली परवा. टपाल आलं आज. मग आजचं टपाल परवाच्या कॉलरीत गेलं कसं?”

नाईकांनी मोजलेली बोटे माझ्यापुढे धरली.

“हे बी मंगळावरचंच यंत्र हाय का?”

मला खाली पाहावयाचे होते. पण कॉलर खाली पाहू देईना! सर्व गल्लीच्या नजरेला नजर भिडवून, मान ताठ ठेवून मी पकडला गेलो. असा उद्दाम दिसणारा शरमिंदा मनुष्य हिंगोलीने पूर्वी पाहिला नसेल.

“उसवा,” ओट्यावरून आवाज आला. तो आमच्या कुटुंबाचा होता.

“भाबी, नवी कॉलर हाय...”

“उसवा म्हणते ना, महबूबभाई. ती बाई तीन आठवडे गच्चीवर बसून राहिली आहे.”

शेरवानी उतरवण्याइतकाही धीर कोणाला नव्हता. मला तिवईवर बसवून महबूबमियाँनी माझ्या गळ्याजवळ पाते चालवले. विद्वान बाहेर आला, पण चंद्रकोरीच्या आकारात. कात्रीने प्रत्येक पान वाकडे कापले होते आणि लईने उरलेली अक्षरे एकमेकांना बिलगली होती. महबूबमियाँनी चष्मा लावून एक पट्टी कंदिलाशी धरली.

“‘...दिवा अजून जळत...’ पुढं न्हाई. ‘...तो दारात उभा राहिला. तिने...’ खतम. हितं कात्री लागली.”

“तिने काय?” चाळीस माणसे एकदम ओरडली.

“मास्तरांनी वाचलंय ना!” कोणीतरी म्हणाले. “मास्तर, सांगा!”

ज्या क्षणासाठी मी तीन आठवडे खोटे बोललो तो क्षण आला. सगळी गल्ली माझ्या मताची वाट पाहत होती. मी घसा साफ करून प्रामाणिकपणे सांगितले, “तो परत येतो. प्रथम वेधशाळेत जाऊन निरीक्षणांची नोंद करतो. नंतर घरी जातो. ती म्हणते, ‘आपला प्रयोग सफल झाला.’”

नाईकांनी माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. “येवढ्या लांबून आला आन आधी कचेरीत गेला? काहून खोटं बोलता मास्तर? ह्ये तुमी मनचंच जोडलं.”

“छापलेले आहे! शपथेवर सांगतो!”

कोणाचाही विश्वास बसला नाही. तेव्हा कुटुंब ओट्यावरून शांतपणे म्हणाले, “मी सांगते. तो दारात उभा राहिला. तिनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं अन् म्हणाली, ‘आधी खरं सांगा, इतके दिवस काय लपवून ठेवलं होतं?’”

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की शेजारच्या टांग्याचा घोडा उधळला. आमच्या गल्लीत त्या कादंबरीचा शेवट आजतागायत तोच आहे.

दुसऱ्या दिवशी मी छापणाऱ्यांना क्षमापत्र लिहिले आणि महबूबमियाँकडे जाऊन हात जोडले. ते यंत्र थांबवून म्हणाले, “मास्तर, तुमी पुस्तक मागवलं न्हाई तर मी सांगू काय? सात दरवाज्यांना पायाच न्हाई मग.” आणि त्यांनी चहा मागवला. क्षमा करण्यातही हा मनुष्य माझ्याहून सरस निघाला, या विचाराने चहाच्या पहिल्याच घोटाला मला पुन्हा मत्सर वाटला!

तेव्हापासून नवे पुस्तक आले की शेवटचा फर्मा मी सर्वांत आधी समोरच्या दुकानात पोचता करतो. माझ्यात सुधारणा झाली आहे, असे माझे नम्र मत आहे. पण अजूनही मी एखाद्या कादंबरीवर मत देऊ लागलो की कुटुंब माझ्या मागे येऊन उभे राहते आणि आधी माझी कॉलर चाचपून पाहते.