तुमचे मत लिहा

बारावीला आम्हाला मराठीसाठी एक कादंबरी नेमलेली होती. ग्रामीण. म्हणजे मुखपृष्ठावर डोक्यावर घागर घेतलेली बाई आणि तिच्यामागं सूर्य. तो उगवतोय की मावळतोय हे वर्ष संपेपर्यंत कळलं नाही. पण बाईची मान ज्या डौलात होती त्यावरून घागर रिकामी असावी, असं माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण म्हणाली. ती बागायतदाराची मुलगी, रोज दोन हंडे आणणारी. तिचं मत मी मानत असे.

कॉलेज इंदापूरला. मी कळंबहून एस.टी.च्या पासवर यायची. मराठीचे सर बारामतीला खोली घेऊन राहत आणि तिथून अप-डाऊन करत. मूळचे पुण्याचे. माणूस वाईट नव्हता. इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं, आणि ग्रामीण जीवनाबद्दल अपार कळवळा. हा कळवळा ते आमच्यावर काढत. वर्गात साठ मुलं, त्यातली पन्नास उसाच्या गावातली. सकाळी जनावरांसाठी उसाचं वाढं कापून हातावर ओरखडे घेऊन आलेली मुलं बाकावर बसलेली, आणि सर फळ्यावर चित्र काढून सांगायचे, "याला पाचट म्हणतात." मुलं वहीत लिहून घ्यायची. पाचट म्हणजे उसाचा वाळलेला पाला, कंसात महत्त्वाचे.

मोटेवर त्यांनी एक अख्खा तास घेतला. बैल, नाडा, मोटेचं पाणी पडतं ते थारोळं, सगळं काढलं. आमच्यापैकी एकानंही मोट बघितलेली नव्हती. आमच्याकडं मोटर होती, आणि ती जळायची. पण कादंबरीतल्या गावात वीज नव्हती, ट्रॅक्टर नव्हता, दुधाची गाडी येत नव्हती आणि साधी ग्रामपंचायतीची निवडणूकसुद्धा होत नव्हती. हे शेवटचं माझ्या मैत्रिणीला अजिबात पटलं नाही. "इलेक्शन न्हाय तर लोक एकमेकांशी बोलायचं बंद कशावरनं करत्यात?" ती म्हणाली.

कथा थोडक्यात अशी. एक पाटील असतात, देवमाणूस. त्यांची सून असते, सोशिक. दर दहा पानांनी ती डोळ्याला पदर लावते. आणि गावकुसाबाहेर राहणारा एक म्हातारा असतो, निष्ठावंत. त्याच्याकडं नंतर येते.

कादंबरी मी पहिल्यांदा वाचली ती गोठ्यात, मोठ्यानं. आई संध्याकाळची धार काढायची आणि मी उलट्या बादलीवर बसून वाचायची. आई चौथी शिकलेली. अक्षरं ओळखायची, पण सलग वाचायचा कंटाळा करायची. ऐकायला मात्र पक्की. गोष्टीतलं एक वाक्य निसटू द्यायची नाही.

तिसऱ्या प्रकरणात पाटलांकडं पाहुणे येतात. सून गोठ्यात जाते, आज-उद्या विणार असलेल्या म्हशीच्या पाठीवरून हात फिरवते आणि चरवीभर दूध काढून आणते. आईचा हात थांबला.

"परत वाच."

मी परत वाचलं.

"उद्या व्यायची म्हस आज चरवीभर दूध देती? दोन म्हयनं आधी आटवाया लागती तिला. कुणी लिवलंय हे?"

मी लेखकाचं नाव सांगितलं. मोठं नाव होतं, पुस्तकाच्या मागं त्यांना मिळालेल्या पुरस्कारांची यादी होती. ती पण वाचून दाखवली.

"आसंल," आई म्हणाली. "पर एकदा म्हशीखाली बसवा त्यांना."

मग तिनं सुनेचा समाचार घेतला. ही सारखी रडत असते, तर शेण कोण काढतं? हिला भांडता येत नाही का? नवऱ्याशी एकदाही भांडत नाही म्हणजे एकतर ती मुकी असणार किंवा लिहिणाऱ्याचं लग्न झालेलं नसणार. मला हसू आवरेना. सरांच्या आठ तासांत जेवढी कादंबरी कळली नव्हती तेवढी त्या एका धारेत कळली.

पण त्या म्हाताऱ्याचं प्रकरण आलं तेव्हा आई नुसती धार काढत राहिली. तो पाटलांच्या दारात उभा राहायचा, 'जोहार, मायबाप' म्हणायचा, पायरीखाली बसायचा आणि वरून पडलेलं खायचा. शेवटी पाटलांचा नातू विहिरीत पडतो, म्हातारा उडी टाकतो, पोराला वर ढकलतो आणि आपण बुडतो. पाटील दोन पानं रडतात आणि म्हाताऱ्याच्या वस्तीच्या कडेपर्यंत जातात. कडेपर्यंतच. आत जाऊ दिलं नाही लेखकानं त्यांना. बहुधा पानं संपली असावीत.

आमच्या आजोबांनी धम्म घेतला त्यालाही आता काळ लोटला होता. 'जोहार' हा शब्द त्यांनी त्याच दिवशी टाकला, आणि पुन्हा घरात कुणी गमतीतसुद्धा उच्चारला नाही. वडील झेडपीच्या शाळेत मास्तर. आमची दीड एकर बागायत, दोन म्हशी, एक जर्सी गाय. मी तो शब्द पहिल्यांदा तोंडातून काढला तो बोर्डाच्या अभ्यासक्रमाच्या कृपेनं.

आई बादली उचलून आत गेली. जाताना एवढंच म्हणाली, "तुझ्या आजाला पवता येत व्हतं. बुडला न्हाय कदी."

वर्गात ते प्रकरण आलं त्या दिवशी सरांनी नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली. "तू वाच," ते म्हणाले. "तुझ्या आवाजात हे अधिक जिवंत वाटेल." माझ्या आवाजात काय होतं ते साठ जणांना कळलं. कुणी माझ्याकडं बघितलं नाही, आणि न बघण्याचासुद्धा एक आवाज असतो. मी उभी राहिले. वाचलं. 'जोहार, मायबाप' आलं तिथं मी रेल्वे स्टेशनचं नाव वाचावं तसं वाचलं. सर म्हणाले, "भाव ओत, भाव." मी ओतला नाही.

खाली बसले तेव्हा मैत्रीण कानाशी कुजबुजली, "आमचे आबा फक्त एकदाच रडलेत, सोसायटीच्या इलेक्शनला पडले तवा." तिनं हे मला बरं वाटावं म्हणून सांगितलं होतं. बरं वाटलंही.

घरी येऊन मी पेन्सिल घेतली आणि पुस्तकभर म्हातारा जिथंजिथं 'जी मालक' म्हणतो तिथं खुणा करत गेले. अडतीस झाल्या. मग दुसऱ्या बाजूनं शोधलं. त्याच्या बायकोचं नाव? नाही. मुलं? एका ठिकाणी 'पोरंबाळं' असा उल्लेख, ती किती, मुलगे की मुली, काही नाही. घर आतून कसं आहे? नाही. पाटलांच्या कुत्र्याला मात्र नाव होतं, आणि ते कधी भुंकतं, कधी नाही, याचं दीड पान वर्णन होतं.

पूर्वपरीक्षेत नेमका प्रश्न आला: 'म्हाताऱ्याच्या व्यक्तिरेखेतून प्रकट होणाऱ्या कृतज्ञतेबद्दल तुमचे मत लिहा.' गुण आठ.

याचं उत्तर सगळ्यांकडं तयार होतं. बारामतीच्या स्टँडसमोर एक निळं गाईड मिळायचं, आमच्या कॉलेजात पाच-सहा प्रती फिरत होत्या. गाईडात प्रत्येक माणूस 'मानी, सोशिक आणि मातीशी इमान राखणारा' असायचा. पाटील तसे, सून तशी, म्हातारा तसा. म्हशीवर प्रश्न आला असता तर तीही मातीशी इमान राखणारी निघाली असती.

मी मात्र प्रश्नातले शेवटचे तीन शब्द वाचले आणि त्यांच्यावर विश्वास ठेवला. लिहिलं, की हा म्हातारा कृतज्ञ नाही, त्याला बोलू दिलेलं नाही. अडतीस खुणांचा हिशेब दिला. कुत्र्याचं नाव लिहिलं. तो कशाबद्दल कृतज्ञ आहे ते लेखकानं सांगितलेलं नाही, पायरीखाली बसवल्याबद्दल असेल तर तसं स्पष्ट लिहायला हवं होतं, असं लिहिलं. शेवटी, जागा उरली म्हणून, म्हशीचंही घातलं.

आठपैकी एक. समासात लाल शाईत, 'विषयांतर'.

सरांनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं. उत्तरपत्रिका पुढ्यात होती.

"तू हुशार आहेस, म्हणून विचारतो. हे काय आहे?"

"माझं मत, सर. प्रश्नात होतं, तुमचे मत लिहा."

सरांनी चष्मा काढला. "हे बघ. तुमचे मत म्हणजे तुमचं मत नव्हे."

शेजारच्या टेबलावरच्या मॅडम चहा पिता पिता ठसकल्या. सरांच्या लक्षात आलं नाही.

"परीक्षकाला अपेक्षित असलेलं मत," त्यांनी समजावलं. "आणि एवढ्या मोठ्या लेखकाला म्हशीतलं कळत नाही असं तू म्हणतेस?"

"मी न्हाई, सर. आई म्हणती."

"आईंचं शिक्षण?"

"चौथी."

सर दयेनं हसले. "उद्या वडिलांना घेऊन ये."

वडील रजा टाकून आले. सरांसमोर हात बांधून उभे राहिले नाहीत, खुर्ची ओढून बसले. उत्तर त्यांनी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना कुत्र्याच्या ओळीला मिशीतल्या मिशीत हसले ते मी बघितलं. मला वाटलं, आता सरांची खैर नाही.

पण वडील म्हणाले, "सांगतो तिला समजावून. बोर्डाला नीट लिहील."

कॉलेजच्या फाटकाबाहेर आल्यावर मी रडायलाच लागले. "आप्पा, तुमाला पटलं व्हतं. मी बघितलं."

"पटलं."

"मग?"

रसवंतीपाशी थांबून त्यांनी दोन ग्लास सांगितले आणि मग बोलले. "मी पोरांना दरवर्षी 'माझी गाय' निबंध घालतो. एकदा एकानं लिवलं, आमची गाय लाथ मारती, आईचा हात मोडला. खरं व्हतं. मी त्याच्या आईला बघितलं व्हतं, गळ्यात हात बांधलेला. तरी मी ते खोडलं. वर लिवलं, गाय उपयुक्त प्राणी आहे." रसाचा ग्लास त्यांनी तसाच धरला होता. "तुझ्या सरांना काय बोलू मी? आधी मार्क घे. मग कुणाच्या बापाला भ्यायचं कारण न्हाय."

बोर्डाला प्रश्न फिरवून तोच आला. मी चार पानं कृतज्ञता लिहिली. मानी लिहिलं, सोशिक लिहिलं, मातीशी इमान दोनदा लिहिलं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत निर्मळ पाणी घातलं, जे मूळ पुस्तकातही नव्हतं. तपासणाऱ्याला हुंदका आला असला पाहिजे, कारण निकालात मराठीला मी कॉलेजात पहिली आले.

त्या उन्हाळ्यात बारामतीच्या एका हॉलमध्ये तालुक्या-तालुक्यातल्या गुणवंतांचा सत्कार झाला. आई नवी साडी नेसून आली होती. स्टेजवर सर होते. माईकवरून ते म्हणाले, "ही मूळची थोडी बंडखोर, पण आम्ही वळण लावलं." लोक हसले. मग मला दोन मिनिटं बोलायला सांगितलं, विषय: आवडलेली व्यक्तिरेखा.

आता कोण अडवणार होतं? मार्क हातात होते. म्हशीपासून कुत्र्यापर्यंत सगळं मनात तयार होतं. मी माईकपाशी गेले, पहिल्या रांगेतल्या टोप्या बघितल्या, गुलाबाचं फूल बघितलं, आणि तोंडातून निघालं, "मला भावलेली व्यक्तिरेखा म्हणजे मातीशी इमान राखणारा तो म्हातारा." पुढचं गाईड आपोआप आलं. टाळ्या पडल्या. सरांनी सर्वांत जोरात वाजवल्या. मागचं वर्षभर मी ज्यांची टिंगल केली त्या सगळ्यांपेक्षा त्या दिवशीची मी जास्त टिंगलीच्या लायकीची होते. इतरांना निदान दुसरं काही सुचत नव्हतं.

परतीच्या एस.टी.त आई खिडकीशी बसली. काटेवाडी मागं पडल्यावर तिनं विचारलं.

"ते म्हातारं तुला आवडत न्हवतं ना?"

"न्हवतं."

"मग स्टेजवर?"

"तसंच बोलत्यात तिथं."

आईनं मान हलवली. "डेअरीचंबी तसंच हाय. फॅट लागली की झालं. आत काय घातलंय, मशीनला काय कळतंय."

तिनं ते रागानं म्हटलं नव्हतं. रागानं म्हटलं असतं तर मी उलटून बोलले असते.

सुट्टीत मी एक जुनी वही काढली आणि म्हाताऱ्याबद्दल पुन्हा लिहायला बसले. मार्कासाठी नाही, म्हणून फार अवघड गेलं. 'मानी' लिहून खोडलं, 'सोशिक' लिहून खोडलं. मग त्याला बायको दिली, तिला नाव दिलं. तीन मुली दिल्या. पाटलांच्या विहिरीचं खोदकाम त्यानंच केलं होतं असं लिहिलं, आणि मजुरीवरून तो पाटलांशी भांडला असंही. त्याला मी मारला नाही. वीस पानं झाली तेव्हा दुपारी आईला वाचून दाखवली. ती शेंगा फोडत होती. शेवटपर्यंत थांबून ऐकलं.

"बरं हाय," ती म्हणाली. "भांडतोय त्ये बरं केलंस."

मी फुगले.

"पर वीस पानं झाली. सकाळधरनं खोदतोय, भांडतोय, वस्तीवर येतोय, पोरींशी बोलतोय. त्यानं खाल्लंय कदी?"

मी पानं चाळली. खरंच कुठं नव्हतं.

"उपाशी ठेवलास की त्याला," आई म्हणाली आणि शेंगांची टरफलं सुपात लोटून उठली. मी पेनचं टोपण काढलं आणि सहाव्या पानावर जागा शोधायला लागले.