टिचबटणांचा पट्टा

सँडलचा वेल्क्रो टर्रकन निघाला की मला मालवणचा मासळीबाजार आठवतो. गुडघ्याचे पट्टे बनवणाऱ्या कंपनीत मी होते. वापरणाऱ्यांना भेटून पट्ट्यातल्या अडचणी शोधणं हे माझं काम. एक मासेविक्रेती गुडघेदुखीमुळे बाजारातली जागा सोडायच्या बेतात होती. तिने घरी पट्टा घालून पाहिला, "बरो आसा" म्हणाली आणि साहेब खूश झाले. मी मात्र सकाळी बाजारात तिच्या शेजारी जाऊन बसले. तांबोशीचे खवले काढता काढता ते वेल्क्रोत भरले आणि ती उठताच पट्टा घसरून घोट्यावर आला. मी साहेबांना वेल्क्रोऐवजी प्लॅस्टिकची टिचबटणं सुचवली. "जुनाट दिसेल," ते म्हणाले. "घसरला तर नवा दिसून उपयोग काय?" असं विचारून मी नमुना करून घेतलाच आणि तिला नेऊन दिला. महिन्याभराने गेले, तर ती त्याच जागेवर बसून मासे विकत होती आणि शेजारीण तिच्याशी भांडत होती. "तुजा ढोपार बरा झाला मां? मगे दी तो पट्टो माका!" "पट्ट्यामुळेच बरा आसा गो! तुका व्हयो तर ह्या बायकडे माग!" कंपनीने पुढे मला एक ढाल दिली, ती कपाटावर धूळ खाते आहे. घरी आलेल्यांना मी सांगते ते मात्र हे भांडण.