कच्चा कागद

प्रिय रेवा आणि निशांत,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही मला एक फोटो दाखवलात. शाळेत आजीविषयी बोलायचं होतं म्हणून तो इंटरनेटवरून शोधला होता. ग्रामपंचायतीचं सभागृह, मागे ‘सुरक्षित गाव’ असा फलक, जिल्ह्याहून आलेले साहेब बसलेले. रेवा, तू विचारलंस, "आजी, सगळे खुर्चीवर आहेत. तू दाराबाहेर का उभी आहेस?"

मी म्हटलं, आवाज तुटतोय. तो तुटत नव्हता. म्हणून हे लिहिते आहे.

त्या दिवशी माझी खुर्ची साहेबांच्या ड्रायव्हरला दिली होती. गावच्या सुरक्षा समितीचे अध्यक्ष हसत म्हणाले, "बाई, तुमी ओसरीत थांबा. सही लागली का आवाज देतो."

मी गेले. चपलांशेजारी उभी राहिले. आत साहेब अर्ज मोठ्यानं वाचत होते. ते माझं इंग्रजी होतं.

"छान लिहिलंय. कोणी लिहिलं?"

"आमच्या पुतण्यानं, साहेब. नागपूरले शिकला."

अध्यक्षांचा पुतण्या आतच होता. खुर्चीवर.

आता आधीचं सांगते. गावच्या सुरक्षेसाठी शासनाचं अनुदान येणार होतं. रस्त्यावर दिवे, कॅमेरे, बायकांसाठी मदत कक्ष. समितीत एक बाई हवी होती आणि आमच्या मोहल्ल्यातलं एक माणूस हवं होतं. मी एकाच खुर्चीत दोन्ही अटी भरत होते. शिवाय अर्ज इंग्रजीत करायचा होता, आणि मी तीस वर्षं लाखनीच्या शाळेत इंग्रजी शिकवलेली. ज्या सभागृहात माझ्या वडिलांना पायरीखाली उभं राहून बोलावं लागे, तिथे मला खुर्ची मिळाली. ती मला फार हवी होती. हे लिहिताना लाज वाटते, पण ते खरं आहे.

अर्ज जायच्या आठवड्यात दुर्गा माझ्याकडे आली. आमच्याच मोहल्ल्यातली, माझी जुनी विद्यार्थिनी. सातवीत शाळा सुटलेली. मनगट सुजलेलं होतं. ती बोलली, मी लिहिलं. तुम्हाला माझी सवय माहीत आहे. आधी कच्चं, मग पक्कं, आणि कच्चं कधी फेकायचं नाही. कच्च्या कागदावर तिचेच शब्द उतरवले:

"मी रोवण्याहून घरी येऊन राहिली होती. धुऱ्यावर अध्यक्षाच्या पुतण्यानं हात धरला. सोड म्हनलं तं मनगटावर काठी मारली." (रोवणा म्हणजे भाताची लावणी, धुरा म्हणजे शेताचा बांध.)

कागद घेऊन मी अध्यक्षांकडे गेले. त्यांनी तो वाचला आणि परत माझ्या हातात दिला.

"मॅडम, तक्रार उभी राहिली तं अनुदान गेलं समजा. दिवे कोनाच्या मोहल्ल्यात लागनार हायेत? तुमच्याच नं? मंग कायले गावाचं नाव खराब करता? समजूत पटली म्हनून लिहा अन् अर्जाले जोडून द्या."

असली तक्रार गावात मिटवता येत नाही, हे मला माहीत होतं. तरी त्या संध्याकाळी मी टेबलाशी बसले आणि पक्का कागद केला. इंग्रजीत. किरकोळ गैरसमज झाला होता, उभयपक्षी समेट झाला आहे. एकही खाडाखोड नाही. दुर्गाला म्हटलं, "इथे सही कर." ही तुझी तक्रार आहे, असं मी म्हटलं नाही. नाही, असंही म्हटलं नाही. तिनं सही केली.

फोटोतल्या त्या पाहणीच्या दिवशी तिलाही बोलावून ठेवलं होतं. ती ओसरीत माझ्याजवळ उकिडवी बसली होती. आतून इंग्रजी ऐकत तिनं विचारलं, "बाई, माझा बी कागद वाचतील नं आता?"

खुर्ची गेली तेव्हा मी गप्प राहिले होते. पुतण्याचं नाव ऐकूनही गप्प राहिले होते. या प्रश्नावर राहता आलं नाही.

मी आत गेले. मराठीतच बोलले, दुर्गाला कळावं म्हणून. "साहेब, हा अर्ज मी लिहिला आहे. त्यातला शेवटचा कागद खोटा आहे. तोही मीच लिहिला आहे. खरा हा." आणि पर्समधून कच्चा कागद काढून वाचला. पुतण्याच्या नावासकट.

अध्यक्ष म्हणाले, "साहेब, बाईचं वय झालं. डोकं ठिकानावर नसते."

साहेबांनी फाइल मिटली.

दुर्गा दारात उभी होती. म्हणाली, "तुमाले इंग्रजी येते म्हनून म्या न वाचता सही केली, बाई."

त्याच दुपारी आम्ही दोघी लाखनीच्या ठाण्यावर गेलो. बसमध्ये ती माझ्याशेजारी बसली नाही. अनुदान आलं नाही. बस थांब्यापासून मोहल्ल्यापर्यंत आजही अंधार आहे. "बाईनं दिवे घालवले," असं आपलेच लोक म्हणतात. त्यांच्या पोरी त्याच अंधारातून येतात, म्हणून मी वाद घालत नाही.

मी समिती सोडलेली नाही. काढायचं तर त्यांनी लेखी काढावं. दर बैठकीला घरून खुर्ची नेते आणि आत ठेवते. सही करणाऱ्याला त्याच्या बोलीत वाचून दाखवल्याशिवाय मी आता कुठलाही कागद पुढे सरकू देत नाही. दुर्गानं मला माफ केलेलं नाही. मी माफी मागितलेलीही नाही. साकोलीच्या कोर्टात तारीख असली की बसमध्ये दोन सीट सोडून तिच्या मागे बसते.

फोटो शाळेत जरूर दाखवा. आजी बाहेर का उभी होती, तेही सांगा.

ठाण्यात प्रत दिली आहे. मूळ कच्चा कागद माझ्या कपाटात आहे, दुर्गाच्या शब्दांत, जसा लिहिला तसा.