अकरा पळ्या पाणी

मंद्रूपच्या वाटेवर सरकारी शेती होती, तिथे हे कारकून होते. आमच्या दोन खोल्या शेताच्या कडेलाच. समोर तारेच्या कुंपणात पाऊस मोजायचे भांडे पुरलेले होते. वर तांब्याचे नरसाळे, आत बाटली. शेजारी झडपांच्या पेटीत उष्मा मोजायच्या पाऱ्याच्या नळ्या. सकाळी आठच्या ठोक्याला हे तिथे जात, बाटलीतले पाणी खुणांच्या पेल्यात ओतत आणि पेला डोळ्यांसमोर यावा म्हणून गुडघे टेकून वाकत. दिसेल तो आकडा वहीत लिहीत.

महिना संपला की साहेबांना एक हिशेब द्यावा लागे. महिन्याचा सगळा पाऊस घ्यायचा आणि महिन्याच्या उष्म्याच्या सरासरीने त्याला भागायचे. येईल त्याला साहेब ओलीचा आकडा म्हणत. यांचा भागाकार चुके. मी चौथीपर्यंत शिकलेली, पाटीवर भागाकार करायला मला आवडे. चुलीपुढे बसून मी करी आणि हे उतरवून घेत. बाहेर कोणाला ते ठाऊक नव्हते. कोणाला कळावे असे मलाही वाटत नसे. परक्या माणसापुढे माझ्या तोंडून शब्द फुटत नसे.

त्या वर्षी श्रावण कोरडा गेला. साहेबांनी कागदावर तांबडी रेघ मारून दिली होती. आकडा रेघेखाली आला तर सरकारी कुरण मेंढ्यांना खुले होणार होते, वर राहिला तर नाही. मागच्या माळावरची धनगरीण रोज दारात येऊन विचारी, "वैनी, आकडा कुटवर आला? मेंढरं आता काटं चावाय लागली की."

एका रविवारी हे धाकट्या बहिणीला पोचवायला सोलापूरला गेले, साहेबांना न विचारता. जाताना मला म्हणाले, "उद्या आठाचं तू बघ. बाटलीत असेल तेच लिही. आपल्या मनाचं काही घालू नकोस."

सोमवारी सकाळी पाहते तो आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, कुंपणातून बाहेर येताहेत. हातात गडू आणि पळी. नरसाळ्याच्या कडेवर विभूतीची तीन बोटे ओढलेली.

"आत्याबाई, तिथं कशाला गेला होता?"

"म्हादेवाला पाणी घालाय. अकरा पळ्या घातल्या. तुझा नवरा रोज गुडगं टेकून पाया पडतो, आनि श्रावणी सोमवार असून कुनी थेंब घालंना. पाऊस पडंल कसा?"

"तो देव न्हाई हो, माप हाय ते."

"मग माप देवाला सांगंल की, एवढं तरी दे म्हनून. चार बुकं शिकलीस म्हनून मला शिकवू नगं. सुम्मनिरु!" मैंदर्गीच्या माहेरची कानडी त्यांच्या तोंडी रागातच येई. गप्प बस, असे म्हणून त्या घरात गेल्या.

आठ वाजले. पेल्यात तेहतीस सेंट, म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, पाणी भरले. पाणी ओतून टाकावे आणि शून्य लिहावे, तर ते माझ्या मनाचे झाले असते. शिवाय आत्याबाईंचे नाव निघाले असते. मी पदराने विभूती पुसली आणि तेहतीस लिहिले.

दुपारी हे आले, वही उघडली. "पडला?" म्हणाले. मी मान डोलावली. यांनी अंगणातल्या धुळीकडे पाहिले. "भुईनं पिला असेल," म्हणाले, आणि हसले. किती दिवसांनी हसले होते.

महिनाअखेर पाटीवर आकडा काढला. तो तांबड्या रेघेच्या जरा वर आला. तेहतीस वजा करून पाटीच्या मागच्या बाजूला पुन्हा काढला. तो खाली गेला. तेवढ्यात धनगरीण दारात आली. मी पाटी पदराखाली घेतली. "वैनी, काय आला?" म्हणाली. मी नुसती भांडी आवरत राहिले. ती पायरीखाली बसून राहिली.

यांना सांगायचे ठरवले तोच साहेबांची सायकल आली. साहेब ओट्यावर बसून वही चाळू लागले. बोट सोमवारवर थांबले.

"तेहतीस सेंट पाऊस, आणि पारा आदल्या दिवशीइतकाच? एक अंशही उतरला नाही?"

हे वहीवर वाकले.

"आणि हे अक्षर कोणाचं?"

खरे सांगितले तर हे न विचारता गावाबाहेर गेल्याचे निघणार, कदाचित नोकरी जाणार. यांच्या मानेवरून घाम उतरताना मला दाराआडून दिसत होता. पायरीखाली धनगरीणही दिसत होती.

"माझं हाय," मी म्हटले.

"काय? कोण बोललं?"

मला पुन्हा बोलावे लागले. "अक्षर माझं हाय. पाऊस पडला न्हाई. पाणी घातलेलं हाय."

आत्याबाई ताडकन ओट्यावर गेल्या. "मी घातलं. देवाला घातलं, चोरी न्हाय केली."

साहेबांनी पळी मागवली. पेल्यात अकरा पळ्या मोजून घातल्या. तेहतीसला दोन रेघा कमी भरले.

"त्या दिवशी काठोकाठ घातलं हुतं," आत्याबाई म्हणाल्या. "सरकारावानी हात आखडून न्हाय."

साहेबांनी ओठ दाबले. तेहतीस खोडून शून्य लिहिले, खाली सही केली. मग यांना विचारले, "भागाकार कोण करतं?" यांनी दाराकडे पाहिले. मी पाटी मागची बाजू वर करून उंबऱ्याबाहेर सरकवली.

आठवड्यात कुरण खुले झाले. मेंढ्या आमच्या दारावरून गेल्या तेव्हा धूळ घरात आली.

यांच्यावर शेरा बसला. नोकरी राहिली, पण दिवाळीच्या सुमारास सोलापूरच्या कचेरीत बदली झाली. तोवर हे माझ्याशी कामापुरतेच बोलत. एकदाच म्हणाले, "पहिल्या दिवशी मला सांगितलं असतंस तर?" 

बैलगाडीत सामान चढत होते, तेव्हा आत्याबाई कुंपणाकडे निघालेल्या दिसल्या. मी हातातली घागर टाकून धावले. त्यांच्या हातात काही नव्हते. तारेबाहेर उभ्या राहून त्यांनी हात जोडले आणि परत आल्या.