दहा लाख एक संत्रे

आमच्या घरी संत्र्याचा शेकडा एकशे एकाचा. सौंसरजवळच्या रामाकोना गावाच्या अंगाला बाग आहे आमची. शंभर मोजले की वर एक टाकायचाच. वाटेत एखादा नासला तर घेणाऱ्यानं नाव ठेवू नये.

माही पोरगी बागेतच मोजायला शिकली. शाळेत गुरुजींनी विचारलं, शेकडा म्हणजे किती? हिनं ठणकावून सांगितलं, एकशे एक! सारा वर्ग खिदळला. तेव्हापासून पोट्टे तिला 'एकशेएक' म्हणून चिडवायचे अन् ती रडत घरी यायची. मला असा राग यायचा, वाटायचं जाऊन एकेकाचे कान उपटावे. घरवाली म्हणायची, "बसा गुमान."

त्याच पोरीनं गणितात एम.एस्सी. केलं. शिकवीन तर इथंच, हा तिचा हट्ट. पण दोन शाळांनी नाही म्हटलं. सौंसरची ही तिसरी. "इथं नाही जमलं तर नागपूरले कंपनीत जाईन बाबा, पुन्हा खडू धरणार नाही," बसमध्ये ती बोलली.

मुख्याध्यापकांनी तिला वर्गावर उभं केलं अन् फळ्यावर लिहिलं, १०,००,००१. "ही मूळ संख्या आहे का? म्हणजे एक अन् ती स्वतः सोडून कशानंच भाग जात नाही, अशी? समजवा मुलांना." मी बाहेर व्हरांड्यात, खिडकीपाशी. मुलांनी दोन, तीन, पाच, सात, अकरा, सारे लावून पाहिले. भाग जाईना.

पोरगी म्हणाली, "समजा, एवढे संत्रे आहेत. अन् आमच्या घरी शेकडा एकशे एकाचा."

पुन्हा वर्ग खिदळला. माही कानशिलं तापली. कायले काढलं हिनं हे, मी मनात म्हणून राहिलो. ती मात्र थांबली नाही. "दहा हजार संत्र्यांचे आमचे नव्व्याण्णव शेकडे होतात अन् एक संत्रा उरतो. दहा लाखांत असे दहा-दहा हजारांचे शंभर ढीग. मग उरले किती?"

"शंभर!"

"अन् हा शेवटचा एक?"

मला काही राहवलं नाही. "अरे, शेकडा भरला नं बाप्पा!" खिडकीतून ओरडलोच मी. साऱ्यांच्या माना वळल्या. मुख्याध्यापकांनी चष्म्यावरून पाहिलं. झालं, केली माती पोरीच्या नोकरीची!

ती हसली. "भरला. काहीच उरलं नाही. म्हणजे एकशे एकानं पूर्ण भाग जातो. ही मूळ संख्या नाही." मागच्या बाकावरच्या एका पोट्टीनं भागून पाहिलं अन् उभीच राहिली, "मॅडम, बरोब्बर जाते! नऊ हजार नऊशे एक शेकडे!" आता कोणी खिदळलं नाही. मुख्याध्यापकांनी तिथंच विचारलं, सोमवारपासून याल का?

तिच्यासोबत सौंसरच्या बाजारात निघालो की कुठून ना कुठून हाक येतेच, "एकशेएक मॅडम, नमस्ते!" ती वळून हात हलवते. अन् मी उगाच हळूहळू चालतो, आणखी कोणी हाक मारील म्हणून.