आधी पट्टी, मग दाखला

आमच्या पंचायतीत घरपट्टी वसूल करायला माझ्यासारखा माणूस नाय. म्हंजे दुसरा माणूसच नाय. शिपाई मी, वसुलीवाला मी, टाकीचं पाणी सोडणारा बी मीच.

हिंजवडीच्या कंपन्या आमच्या बांधापर्यंत आल्या, पण गाव अजून पंचायतीतच हाय. आणि वसुली झाली तरच माझा पगार. पाच महिने झाला नव्हता. चार मजले भाड्यानं दिलेला मालक म्हणायचा, पाणी येत नाय, पट्टी कशाची? वर चहा पाजायचा. पाणी मीच सोडतो, मग बोलणार काय? फुकट चहा पिऊन मी नुसती ॲसिडिटी वसूल केली.

शेवटी ग्रामसभेत उभा राहिलो. म्हणलं, पट्टी भरल्याशिवाय कुणालाच दाखला देऊ नका. टाळ्या पडल्या. सही धड येत नाय मला, पण गावाला नियम लावला. आठ दिवस मिरवलो.

त्यात पहिली घावली आळीतली म्हातारी. निराधार पेन्शनीला तिला रहिवासी दाखला पाहिजे होता. म्हणायची, पेन्शन आली की भरते. मी म्हणायचो, आधी पट्टी. ती रोज येऊन बाकड्यावर बसायची, मी तिचे पाय उचलायला लावून झाडायचो.

तेवढ्यात माझ्या पोरीला कर्वेनगरच्या कॉलेजात ॲडमिशन मिळालं. जायला-यायला ट्रॅफिकमधी चार तास, म्हणून होस्टेल. त्यांनी रहिवासी दाखला मागितला, उद्या दुपारपर्यंत. नायतर जागा दुसरीला.

ग्रामसेवक मॅडमनी रजिस्टर उघडलं. माझ्याच घराची तीन वर्षांची पट्टी बाकी.

"पगारातनं कापा," मी म्हणलं.

"कुठल्या पगारातनं, काका?"

भरून आणा, लगेच देते म्हणाल्या. उसनं मागायला गावात निघालो, तर मला लांबनं बघूनच लोकांनी आतनं कड्या लावल्या. वसुलीला आलोय वाटलं त्यांना.

सकाळी रिकाम्या हातानं परत गेलो. पोरगी बाहेर बॅग घेऊन उभी. मॅडमपुढं हात जोडले, म्हणलं एवढा एकच द्या, पोरीचं वर्ष जाईल. बोलता बोलता रडायलाच लागलो. मॅडमनी नुसतं बाकड्याकडं बघितलं.

म्हातारी थोडी सरकली.

"बस हितं. पर नंबर माझा आधी हाय."